काटा अडकला म्हणून घाबरू नये
वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांविषयी



आपल्या आरोग्याच्या पानात या वेळी जरा निराळा विषय घेत आहोत. वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करतात. डॉक्टर मंडळी तिला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. एके काळी ही मुंबई-पुण्याकडची गोष्ट होती. आता आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावांतूनही लोक ती करून येऊ लागले आहेत. कुणाला मधुमेहाने टेकीला आणलेले असते, कुणाचे गुडघे गेलेले असतात, कुणाला रात्री झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो. वर्ष-दोन वर्षे विचार करून, घरात दहा वेळा बोलणे होऊन, पैशाची जुळणी करून माणूस टेबलावर जातो. पहिले पंधरा दिवस वजन असे उतरते की घरचेही चकित होतात. आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी काटा अडकतो. आज तेवढाच, उद्या तेवढाच, आठ दिवसांनी तेवढाच. एखादे दिवशी अर्धा किलो वरच.

इथे माणूस खचतो. आणि खचलेला माणूस नको ते करतो. जेवण आणखी तोडतो, पाणी कमी पितो, गोळ्या बंद करतो, कुणीतरी सांगितलेले जुलाबाचे चूर्ण घेतो. काटा अडकल्याने कुणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते या उपायांनी. म्हणून या लेखाचे सार आधीच सांगून टाकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन थांबणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यात शस्त्रक्रिया फसली असे काही नाही, आणि त्या दिवसांत नेम सोडायचा नाही. आता हे असे का, ते नीट पाहू.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

या शस्त्रक्रियेची सुरुवात अमेरिकेत झाली. आयोवा विद्यापीठातले डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले होते की, अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढलेला असतो, त्यांचे वजन पुढे वाढता वाढत नाही. त्यावरून त्यांनी आणि डॉ. चिकाशी इटो यांनी १९६६ साली वजनासाठी म्हणून पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. पुढे त्यात खूप सुधारणा झाल्या. आज पोट न फाडता, लहान भोकांतून दुर्बिणीने काम होते.

सध्या दोन प्रकार जास्त चालतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा जवळजवळ पाऊण भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. काढलेल्या भागातच भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य जास्त तयार होत असते, त्यामुळे पहिले काही महिने भूकही मंदावते. दुसरा बायपास. यात जठराची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न थोडेच मावते, आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते.

दोन्हींत एक गोष्ट सारखी. शस्त्रक्रिया माणसाचे वजन काढून घेत नाही. ती कमी खाण्याची सोय करून देते. वजन उतरते ते पुढे, दिवसागणिक, शरीराने साठवलेली चरबी जाळून.

पहिल्या पंधरवड्यात वजन भराभर का उतरते?

हे आपल्या शेतकऱ्याला समजायला सोपे आहे. तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडून राहिला तर काट्यावर वजन कमी भरते. ही घट मुख्यतः पाणी उडाल्याची असते. शंभर किलो उसात सत्तर किलोच्या आसपास पाणीच असते, म्हणून पाणी हलले की वजन हलते.

माणसाच्या शरीरातही निम्म्याच्या आसपास पाणीच आहे. त्यातले काही पाणी एका खास साठ्याला बांधलेले असते. आपण भात, भाकरी, गूळ, साखर खातो, त्यातली जास्तीची साखर यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपाने साठते. घरात लागेल तेव्हा काढता यावे म्हणून डब्यात ठेवलेल्या धान्यासारखा हा साठा. मोठ्या माणसात तो चार-पाचशे ग्रॅमच असतो, पण प्रत्येक ग्रॅमबरोबर तो तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. शस्त्रक्रियेनंतर खाणे एकदम अगदी थोड्यावर आले की शरीर आधी हा डबा रिकामा करते. साठा गेला की त्याने धरलेले पाणीही लघवीवाटे निघून जाते. दीड-दोन किलो असेच उतरतात. पोट आणि आतडी रिकामी असतात, त्याचेही वजन कमी होते.

म्हणजे पहिल्या पंधरवड्यात सात-आठ किलो गेले, तर ती सारी चरबी नव्हे. चरबी गेली, तशी तिच्याबरोबर पाण्याचीही वाट लागली. तो वेग कायम राहणार नव्हताच. पण माणूस मनात तोच हिशेब धरून बसतो की, पंधरा दिवसांत आठ किलो, तर महिन्यात सोळा. इथेच पुढच्या निराशेचे बी पडते.

मग काटा का अडकतो?

कारणे चार-पाच आहेत, आणि ती बहुतेक एकाच वेळी येतात.

पहिले कारण, पाणी परत येते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास माणूस नुसत्या पातळ पदार्थांवरून मिक्सरमधून काढलेल्या, मग मऊ अन्नावर येतो. पेज, वरण, थोडा मऊ भात पोटात जाऊ लागतो. रिकामा झालेला डबा थोडा थोडा भरतो आणि त्याबरोबर पाणीही परत धरले जाते. आत चरबी जळतच असते, पण तेवढेच पाणी आल्यामुळे काटा जागचा हलत नाही.

दुसरे, शरीर जखम भरून काढत असते. आत टाके आहेत, सूज आहे. जखम भरताना शरीर पाणी धरते.

तिसरे, मीठ आणि पोट साफ न होणे. तयार सूपची पाकिटे, लोणच्याचा खार, पापड यांत मीठ भरपूर. मीठ वाढले की पाणी धरले जाते. खाणे कमी, पाणी कमी, चालणे कमी, त्यात लोहाच्या गोळ्या, म्हणून बद्धकोष्ठ होते. त्याचाही भार काट्यावर दिसतो. बायकांना पाळीच्या आधीच्या दिवसांत किलो-दीड किलो पाणी वाढणे हे तर नेहमीचेच.

चौथे, शरीर काटकसर करू लागते. पाऊस लांबला की आपण विहिरीचे पाणी जपून वापरतो, तसेच शरीराचे आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने नेहमीच्या निम्म्याच्या आसपास खाण्यावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले, पण शरीराचा रोजचा खर्चही बराच खाली आला, आणि पायांवर सूज येऊन शरीरात पाणी साठले. आतून माणूस वाळत असतानाही हे पाणी खरी घट झाकत होते. तो उपाशीपणाचा प्रयोग होता आणि आपल्याकडची शस्त्रक्रिया निराळी, पण कमी खाण्याला शरीर कसे उत्तर देते ते त्यातून चांगले कळते.

आता थोडा हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. समजा, एखाद्या माणसाच्या शरीराला जेवढे लागते त्यापेक्षा रोज १४०० कॅलरी कमी जातात. म्हणजे दिवसाला १८० ग्रॅमच्या आसपास आणि आठवड्याला सव्वा किलो चरबी जळली. पण शरीरातले पाणी एका दिवसातच किलोभर इकडे-तिकडे होते. तेव्हा आठवडाभर प्रामाणिकपणे जळलेली सव्वा किलो चरबी सव्वा किलो पाण्यामागे सहज लपू शकते. काटा म्हणतो, काही झाले नाही. प्रत्यक्षात आठवडा वाया गेलेला नसतो.

हे थांबणे कधी चार दिवस, कधी दोन आठवडे, क्वचित तीन आठवडेही चालते. मग एखाद्या सकाळी काटा एकदम किलो-दीड किलो खाली दिसतो. पुढे तिसऱ्या, सहाव्या महिन्याच्या आसपास असे थांबे पुन्हा येतात. वजनाची उतरण ही घाटाच्या रस्त्यासारखी आहे, मधे मधे सपाट पट्टा लागणारच.

टन काट्यावर कळतात, उतारा काट्यावर कळत नाही

कारखान्यात गाडी काट्यावर आली की टन कळतात. पण त्या उसात साखर किती, हे काटा सांगत नाही. त्यासाठी रस प्रयोगशाळेत जावा लागतो, उतारा काढावा लागतो. नुसत्या टनावर हंगामाचा निवाडा कुणी करत नाही. शरीराचेही तसेच. काट्यावर हाडे, मांस, पाणी, चरबी सगळे एकत्र येते. आपल्याला घालवायची आहे ती चरबी, आणि राखायचे आहेत ते स्नायू. म्हणून पुढील प्रमाणे मोजमाप ठेवावे.

वजन आठवड्यातून एकदाच करावे. वार ठरवून घ्यावा. सकाळी संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा सतरंजीवर नको, कडक फरशीवर ठेवावा. आज घरच्या काट्यावर आणि उद्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर, असे करू नये. दोन काटे एकमेकांशी जुळत नाहीत हे आपल्याला वेगळे सांगायला नको!

महिन्यातून दोनदा टेपने मापे घ्यावीत. बेंबीच्या पातळीवर कंबर, नितंब, मांडी आणि गळा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वजनाशेजारी लिहून ठेवावीत. काटा अडकलेल्या पंधरवड्यात कंबर दोन बोटे उतरली असे पुष्कळदा दिसते. पट्ट्याचे भोक, ब्लाऊजची शिवण, पायातल्या चपलेचा सैलपणा, हीसुद्धा मापेच आहेत.

मधुमेह असणाऱ्यांनी रक्तातली साखर डॉक्टर सांगतील तशी तपासावी. वजन फार उतरण्याआधीच साखर खाली येऊ लागते, बायपासनंतर तर विशेष. जिने चढताना दम कमी लागतो का, रात्रीची झोप सुधारली का, हेही पाहावे. ज्या कारणासाठी शस्त्रक्रिया केली, ते कारण हलले की नाही, हा खरा उतारा.

या दिवसांत काय करावे?

एक, प्रथिने आधी. पोट लहान झालेले, त्यात जे काही जाईल ते कामाचे गेले पाहिजे. प्रथिने कमी पडली तर शरीर स्नायू मोडून खाते. स्नायू गेले की शरीराचा रोजचा खर्च आणखी उतरतो आणि वजन घटणे आणखी मंदावते. साधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सांगतात. ज्याचा त्याचा नेमका आकडा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवून देतात.

आता घट्ट वरणाच्या एका वाटीत ६-७ ग्रॅम प्रथिने. नुसत्या वरणावर ६० ग्रॅम करायचे म्हटले तर नऊ वाट्या लागतील, आणि पोटात एका वेळी अर्धी वाटीही नीट मावत नाही. म्हणून बेरीज जुळवावी लागते. २०० मिलिलिटर साय काढलेल्या दुधात डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर एक माप, दोन्ही मिळून २६ ते ३० ग्रॅम. मऊ उकडलेली दोन अंडी, १२ ग्रॅम. ५० ग्रॅम कुस्करलेले पनीर, ९ ग्रॅम. मुगाचे घट्ट वरण दिवसभरात मिळून एक वाटी, ६ ग्रॅम. थोडा चक्का. झाले साठ. हे एका बैठकीत नव्हे, दिवसभरात पाच-सहा वेळा. माळकरी मंडळींनी अंड्यांऐवजी पनीर, चक्का, सोयाबीन वाढवावे. मासे-कोंबडी खाणाऱ्यांनी मऊ शिजवून, कुस्करून, काटे-हाडे काढून घ्यावे. भात-भाकरी शेवटी, जागा उरली तर. आणि कोणता पदार्थ कितव्या आठवड्यात सुरू करायचा, हे आपल्याला दिलेल्या कागदाप्रमाणेच. शेजारच्याला तिसऱ्या आठवड्यात चालले म्हणून आपल्याला चालेलच असे नाही.

दोन, पाणी. दिवसाला निदान दीड लिटर, घोट घोट करून. गटागटा पिता येत नाही, म्हणून तांब्या-भांडे सतत जवळ ठेवावे. जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्धा तास सोडून प्यावे. पातळ ताक, साधे पाणी, साखर न घातलेले लिंबूपाणी चालते. सोड्याची पेये नकोत. शरीराला पाणी मिळेनासे झाले की ते असलेले पाणी अधिकच धरून बसते, आणि पोटही साफ होत नाही. वजन कमी दिसावे म्हणून पाणी कमी करणे म्हणजे आपणच आपल्याला फसवणे.

तीन, सावकाश खाणे. लहान घास, वीस-पंचवीस वेळा चावून. पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की हात थांबवावा. ताट संपवायचा आग्रह नको, ताटच लहान घ्यावे.

चार, चालणे. सुरुवातीला घरातल्या घरात, मग बांधापर्यंत, मग अर्धा तास. पहिले चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही. पाण्याची कळशी नाही, खताचे पोते नाही, उसाची मोळी तर नाहीच. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून ढकलणे असे साधे व्यायाम सुरू करावेत. त्याने स्नायू टिकतात.

पाच, झोप. पाणी द्यायची रात्रपाळी, रात्री वीज आली की मोटार चालू करायला जाणे, हे आपल्याकडे चालूच असते. पहिले तीन महिने तरी ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी अंगावर घ्यावे. झोप तुटली की भूक वाढते आणि गोडाकडे मन ओढते.

काय करू नये?

जेवणाची वेळ चुकवू नये. "तसंही भूक नाही, मग कशाला खायचं?" हा विचार धोक्याचा आहे. भूक नसली तरी घड्याळाप्रमाणे खायचे.

जुलाबाचे औषध, लघवी जास्त होण्याची गोळी, चरबी जाळणारे म्हणून विकले जाणारे चूर्ण किंवा काढा घेऊ नये. त्याने पाणी जाते, चरबी जात नाही. दोन दिवसांनी काटा परत तिथेच, आणि शरीर मात्र कोरडे पडलेले.

जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्या बंद करू नयेत. या गोळ्या वजनासाठी नाहीत, त्यामुळे वजन थांबले म्हणून त्या निरुपयोगी ठरत नाहीत. त्यातल्या बऱ्याचशा जन्मभर घ्यायच्या असतात.

मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत. खाणे घटल्यावर जुन्या मात्रेने साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून त्यांची मात्रा डॉक्टरांकडून वरचेवर तपासून घ्यावी लागते.

अंग दुखते म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेऊ नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटात व्रण पडू शकतात, बायपासवाल्यांना तर जास्तच. बिडी, सिगारेट, तंबाखू आणि दारू यांचेही तेच.

दुसऱ्याशी तुलना करू नये. कुणाचे वजन मुळात १५० किलो, कुणाचे १०५. कुणाची स्लीव्ह, कुणाची बायपास. कुणी तिशीतला गडी, कुणी पन्नाशीतली बाई. माळरानाची आणि काळ्या रानाची टनेज एकमेकांशी लावून कसे चालेल?

गूळ, रस आणि आपण

आम्ही साखर कारखान्याच्या अंकातून हे लिहितो आहोत, म्हणून स्पष्टच बोलले पाहिजे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उसाचा रस, काकवी, गूळ, साखरेचा चहा आग्रहाने देऊ नका. गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्याला रस दिल्याशिवाय सोडायचे नाही ही आपली रीत चांगली आहे, पण या पाहुण्याला ती लागू करू नये. बायपास झालेल्या माणसाच्या आतड्यात गोड एकदम उतरले की छाती धडधडते, दरदरून घाम येतो, पोटात कळा येतात, चक्कर येते. स्लीव्हवाल्याला असे क्वचितच होते, आणि म्हणूनच त्याला जपायला हवे. त्याला त्रास होत नाही, आणि रस बिनबोभाट आत जातो.

काटा अडकण्याचे आणखी एक कारण इथे दडलेले असते. रस, चहात बुडवलेली बिस्किटे, फरसाण, चिवडा, आइस्क्रीम हे पदार्थ तोंडात विरघळतात, पोट भरवत नाहीत आणि सहज खाली उतरतात. लहान केलेले पोटही त्यांना अडवू शकत नाही. पहिल्या महिन्यातल्या थांब्याशी याचा फारसा संबंध नसतो, पण चौथ्या-पाचव्या महिन्यात वजन थांबले तर आधी इकडे पाहावे. आठ दिवस जे तोंडात गेले ते वहीत लिहावे, चमचाभर शेंगदाणेसुद्धा. वही खोटे बोलत नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

या दिवसांत घरच्यांच्या बोलण्याचा परिणाम फार होतो. "काय मग वहिनी, काटा पुढं सरकला का नाही?" "एवढं पैसं घातलं, अन् अजून तेवढीच दिसतीयास!" बोलणाऱ्याच्या मनात काही नसते, पण ऐकणाऱ्याच्या काळजाला घर पडते. मग ती बाई जेवायला पंगतीत बसत नाही, हळूहळू जेवतच नाही. शस्त्रक्रियेनंतर मन उदास होणे, रडू येणे, कशातच रस न वाटणे हेही घडते. तो नाटकीपणा नव्हे. असे दिवस लांबले, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी आली, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांनी करायचे ते एवढेच. वजन विचारू नये. पाण्याचे भांडे भरून ठेवावे. संध्याकाळी बरोबर चालायला जावे. आणि "एक घास घे माझ्यासाठी" हा आग्रह वर्षभर बंद ठेवावा.

हे मात्र थांबून पाहायचे नाही

नुसते वजन थांबले तर घाबरायचे नाही, हे वर सांगितले. पण त्याबरोबर पुढीलपैकी काही असेल तर एक दिवसही वाट पाहू नये. जिथे शस्त्रक्रिया झाली त्या दवाखान्याला फोन करावा आणि निघावे.

१) पाण्याचा घोटही पोटात राहत नाही, वारंवार उलट्या होतात.
२) ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ, छातीची धडधड न थांबणे.
३) एका पायाची पोटरी सुजून दुखणे, एकाएकी दम लागणे.
४) काळी डांबरासारखी शौचाला होणे, रक्ताची उलटी.
५) चालताना झोक जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ, पायांना मुंग्या येणे.

यातल्या पाचव्या खुणेविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण ती खेड्यात ओळखली जात नाही. बी-१, म्हणजे थायमिन, या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. उलट्या होत असतील, किंवा काटा हलावा म्हणून कुणी खाणे आणि गोळ्या सोडल्या असतील, तर तो साठा लवकर संपतो आणि मेंदूला इजा होते. वेळेवर बी-१ चे इंजेक्शन मिळाले तर माणूस वाचतो, उशीर झाला तर कायमचे अधूपण येऊ शकते. आपल्याकडे अशक्त माणसाला लगेच ग्लुकोजचे सलाईन लावण्याची पद्धत आहे. बी-१ कमी असताना नुसते ग्लुकोज दिले तर अवस्था आणखी बिघडू शकते. म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तरी पहिले वाक्य हे असू द्या: "डॉक्टरसाहेब, यांची वजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे, उलट्या होताहेत, बी-१ द्यायचं का बघा." शस्त्रक्रियेचा कागद खिशात ठेवावा.

याशिवाय, चार आठवड्यांहून जास्त काळ वजनही हलले नाही आणि टेपची मापेही हलली नाहीत, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता वही घेऊन आहारतज्ज्ञांकडे जावे. कुठे काय चुकते, ते वहीवरून अर्ध्या तासात सापडते.

पुढचा हिशेब

वजन असे किती दिवस उतरत राहते? स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या हजारो लोकांची नोंद ठेवली गेली. त्यात असे दिसले की वजन सर्वांत खाली येते ते पहिल्या एक ते दोन वर्षांत. बायपासवाल्यांचे त्या वेळी सरासरी ३२ टक्के वजन उतरलेले होते. पुढे थोडे परत आले, आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांची घट टिकून राहिली. म्हणजे १२० किलोच्या माणसाचे दहा वर्षांनंतरही ९० किलो. शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच लोकांपेक्षा यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते, हेही २००७ साली प्रसिद्ध झाले.

या आकड्यांतून दोन गोष्टी घ्यायच्या. वर्ष-दोन वर्षांच्या कामात तिसऱ्या आठवड्यातले दहा-पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही. आणि शेवटी एक थांबा असा येणार आहे, की जो कायमचा असेल. तिथे शरीराने आपला नवा मुक्काम ठरवलेला असतो. त्या मुक्कामाला टिकून राहायला जे नेम लागतात, तेच नेम हा पहिला थांबा शिकवून जातो: काटा काही म्हणो, प्रथिने, पाणी, गोळ्या आणि चालणे ठरल्याप्रमाणे.

आपल्या घरात किंवा भावकीत कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल किंवा व्हायची असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवावा. वर दिलेली मापे ही सर्वसाधारण आहेत. आपल्याला लागू काय, ते आपल्या डॉक्टरांना विचारावे, पारावरच्या सल्ल्यावर जाऊ नये. आणि पुढच्या तपासणीला जाताना वही, गोळ्यांची पाकिटे आणि रक्ततपासणीचे कागद बरोबर न्यायला विसरू नये.